बारीक मणी

शंभूराजनं पलूसच्या मळ्यात एकरभर इटालियन सांजोव्हेझे द्राक्ष लावलं आणि दोन वर्षांनी पहिले घड धरल्यावर त्याची वाइन करायला शिकायला तो दोन महिने इटलीला गेला. तिथल्या द्राक्षमळ्याच्या म्हाताऱ्या मालकानं मटणाबरोबर लाल वाइनचा पेला पुढं करत बजावलं, "मणी बारीक, तरच ही चव. मोठ्या मण्यात नुसतं पाणी."

शंभूराजला आईचा तांबडा रस्सा आठवला. परतताना मात्र त्याला चैन पडेना. दुसऱ्याच दिवशी वाइनरीवाले माल बघायला येणार होते, आणि बागेचं विचारलं की वडील फोनवर नुसते हसायचे, "तू ये तर खरं!"

एसटीतून उतरला तो बॅगेसकट थेट बागेकडं पळाला. फौजेतून निवृत्त झालेले वडील बांधावर वाटच बघत होते.

"लोकं लय हसत हुती रं, फौजीच्या पोराची द्राक्षं वाटाण्याएवढी म्हणून. मग मी आन् तुझी आई लागलो कामाला. मणी फुगवायच्या औषधात एकेक घड बुडवून काढला. आता बघ, मणी कसा जांभळाएवढा झालाय!"



त्यांनी अभिमानानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "एकबी घड सोडला न्हाई, लेका!"