तिला लई पळवा

बालवाडीत सिद्धेश्वरीला सोडताना तिची आई चेतनाबाईंना रोज तेच सांगायची, "बाई, हिला लई पळवा. दिवेलागणीला झोपली पायजे."

पोरीची कटकट नको म्हणून सांगते, असं चेतनाबाईंना वाटायचं. तरी त्या बेडूकउड्या, लंगडी, डोंगर का पाणी सगळं खेळून घ्यायच्या. सिद्धेश्वरी सगळ्यांत पुढं असायची.

काल तपासणीला साहेब आले, म्हणून मुलं दिवसभर हाताची घडी घालून बसली.

आज सिद्धेश्वरी एकही उडी मारेना. चेतनाबाईंनी दारात थांबलेल्या आईकडे पाहिलं. तिचा एक डोळा सुजून मिटला होता.

"काल हिचा बाप पिऊन आला, तवा ही जागी हुती," आई म्हणाली. "आजवर तिनं कधी बघितलं न्हवतं, बाई."