तोंड फिरवून बघा

"हात लावाल तर याद राखा!" वेधशाळेचे संचालकसाहेब कडाडले. तोवर शंकाताईंचं बोट कळीवर पोचलंही होतं. अँटेना फिरवण्याचं काम त्यांचं. शंका काढण्याचं त्यांनी आपणहून अंगावर घेतलेलं.

सकाळपासून एका ताऱ्याकडून टकटक येत होती. दोन ठोके, विसावा, तीन ठोके, विसावा, अगदी शिस्तीत. दर ठोक्याला पडद्यावरची रेघ टुणकन उडे. शेजारच्या दालनात पंचवीस पत्रकार बिस्किटांवर तुटून पडले होते, आणि साहेबांनी नवा कोट चढवला होता.

"पाच मिनिटं अँटेनाचं तोंड दुसरीकडे फिरवू," ताई म्हणाल्या. "टकटक चालू राहिली तर ती आपल्याच इमारतीतली. थांबली तर ताऱ्याची. मागच्या खेपेला जगभर डंका पिटलात, आणि निघाली काय? लिफ्टची मोटर!"

"आणि परत आलीच नाही तर? अहो, अख्ख्या पृथ्वीला आलेला निरोप तुमच्या हट्टापायी जायचा!"

"गेला तर माझ्या नावावर घाला." ताईंनी कळ दाबली.

अँटेनाने सावकाश मान वळवली. टकटक बंद. म्हणजे ताऱ्याचीच! साहेब खुर्चीतल्या खुर्चीत नाचले. पाच मिनिटांनी अँटेना जागेवर आली. रेघ मात्र आडवी ती आडवीच. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

"घालवलंत! सगळं घालवलंत!"

ताईंनी पदराने चष्मा पुसला. "बसा हो. त्यांनीही त्यांच्या अँटेनाचं तोंड फिरवलं असेल. आपला आवाज खरा का, याची खात्री करून घ्यायला."

"अहो, तिथली हाक इथे यायलाच चाळीस वर्षं लागतात!"

"मग चाळीस वर्षांपूर्वी फिरवलं. आपलं रेडिओवरचं बोलणं त्यांच्या कानी पडलं असेल. तिथला साहेब कोट घालून निघाला असेल, आणि कुणीतरी म्हणालं असेल, थांबा, आधी बघू. पाच मिनिटं मोजा."

साहेबांनी मोजली. दारावर पत्रकारांच्या थापा पडत होत्या. पाचवं मिनिट सरलं, आणि रेघ टुणकन उडाली. दोन ठोके. विसावा. तीन.

साहेब कोट सावरत दाराकडे धावले.

"कुठे निघालात?" ताईंचं बोट पुन्हा कळीवर होतं. "एकदा झालं तर योगायोगही असतो. त्यांनीही पुन्हा फिरवलं असेलच."

 साहेबांनी दाराला आतून कडी घातली.