तोंडाकडची गाठ

"आता मनातलं सगळं दुःख या फुग्यात भरा," मस्कतहून आलेला तो गृहस्थ हसतमुखानं म्हणाला आणि जोहराच्या हातात एक लाल फुगा आला.

तिनं तो मांडीवर ठेवला. ओमानमधल्या सहम गावच्या त्या इस्पितळात बाळंतपणं करणाऱ्या सिस्टर वरच्या हॉलमध्ये ओळीनं बसल्या होत्या. मन शांत कसं ठेवावं याचा वर्ग, हजेरी सक्तीची. खाली प्रसूतीच्या वॉर्डात सगळ्या खाटा भरलेल्या, आणि सांभाळायला फक्त दोघी.

"फुगव ना गं," इन्चार्ज दीप्ती मॅडम मागून पुटपुटल्या. "मोठे साहेब आलेत. फोटो ग्रुपवर जायचाय."

"सकाळी एका बाळात हवाच भरत होते, मॅडम. फुगा दाबून दाबून मनगट भरून आलं, पण त्या पोरीनं स्वतःचा म्हणून एक श्वास घेतला नाही."

शेजारच्या रचनाचा अर्धा फुगलेला फुगा फुस्सकन खाली बसला.

"अगं, म्हणून तर हे ठेवलंय तुमच्यासाठी," मॅडम म्हणाल्या. "यल्ला, चल, जरा हसून बघ."

जोहराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते बाळ गेलं तेव्हा दोन घोट पाणी पी म्हणायलाही कुणी आलं नव्हतं. बाळाच्या आईला, सफियाला, टाके घालून होताहेत तोच पलीकडून हाक आली आणि जोहराला दुसरीचं बाळंतपण करायला धावावं लागलं. तिथून सुटली तर हा वर्ग.

जाताना ती सफियाला सांगून गेली होती, "आलेच. तुझी लेक तुझ्या कुशीत देते." म्हणून तर बाळाला पांढऱ्या कापडात गुंडाळताना तिनं पायाकडची गाठ बांधली होती, तोंडाकडची नाही. आईनं बघितल्याशिवाय ती गाठ जोहरा कधी बांधत नसे. रत्नागिरीत काय नि इथे काय, पुरुष माणसं एकदा घेऊन गेली की लगेच दफन. आईच्या वाट्याला तो चेहरा पुन्हा येत नाही.

ती उठली.

"कुठे निघालीस?"

"सफियाकडे."

"झोपलीय ती. मी बाळ बांधून तिच्या नवऱ्याकडे दिलंय. न्यायलाही सांगितलं. खाट लागणार आहे आपल्याला."

जोहरानं पुढचं ऐकलंच नाही. जिना उतरताना फुगा मुठीत तसाच होता.

सफियाचा नवरा महमूद बाहेरच्या दारापर्यंत पोचला होता. गाठोडं छातीशी. दोन्हीकडच्या गाठी करकचून बांधलेल्या.

"थांबा!" ती मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाली. "आईनं बघितलं हिला?"

तो गोंधळला. "ती झोपलीय म्हणाले. बघितलं तर रडेल म्हणाले."

"रडेलच. रडू द्या तिला."

जोहरानं हात पुढे केले. महमूदनं गाठोड्यावरची पकड सैल केली. मग त्यानं लेक तिच्या हातात दिली आणि तिच्या मागोमाग आला.

सफिया खोलीत जागी होती. भिंतीकडे तोंड करून पडली होती, कुशीतली जागा मोकळी ठेवून. तोंडाकडची गाठ सुटता सुटेना. जोहरानं नखं लावून ती सोडवली, कापड बाजूला केलं आणि बाळाला त्या जागेत ठेवलं. महमूद खाटेच्या कडेला बसला. जोहरानं बाहेर येऊन दार ओढून घेतलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

मॅडम धापा टाकत आल्या. "काय तमाशा चाललाय? साहेब विचारताहेत. नवी पेशंट येऊन बसलीय, बघायला कुणी नाही!"

"वर ओळीनं फुगे फुगवत बसल्यात, त्यातली एक पाठवा."

"जोहरा, बाजूला हो. अजून किती वेळ लागणार आहे तिला?"

आतून सफियाचा आवाज येत होता. ती लेकीला काहीतरी हळूहळू सांगत होती.

"ती गाठ तिची ती बांधेल, मॅडम. तेवढा वेळ." जोहरानं मूठ उघडली आणि घामानं चिकटलेला तो लाल फुगा मॅडमच्या हातावर ठेवला. "तोवर हा तुम्ही फुगवा."