शुक्रवारचा कागद

केंद्राची प्रोग्रामर उत्तराने इंग्रजी नोटीस पुन्हा वाचली. मुकुंदच्या नावाने यंत्रात कुणीतरी शिरत आहे. ती वाट शोधून शनिवारच्या आत बंद करावी. खाली संचालक कृष्णकांत यांची सही.

"गोपाळराव, तुमच्या टाइपरायटरचा के अजून उड्या मारतो," ती म्हणाली. सगळी अक्षरं एका रांगेत होती, के तेवढा कणभर वर.

"मारू द्या बाई. म्हातारा झाला तो. आता काय रांगेत उभा राहते?"

हेडक्लार्क गोपाळराव हसले, पण नोटिशीकडे त्यांनी पाहिलं नाही. ती टाइप त्यांनीच केली होती, आणि मुकुंद त्यांचाच मुलगा होता.

सीताबर्डीवरच्या त्या गणन केंद्रात सत्त्याऐंशी साली एकच मोठं यंत्र होतं. त्याची खोली थंडगार. चपला बाहेर काढून आत जावं लागे, आणि मे महिन्यात प्रत्येकाला आत काहीतरी काम निघे. कॉलेजांचे निकाल तिथे तयार होत. खाली खिडकीवर विद्यार्थ्याचा क्रमांक टाइप केला की पडद्यावर गुण दिसत. तो प्रोग्राम मुकुंदने लिहिला होता.

दोन वर्षांपूर्वी बापलेकांत शब्दाला शब्द वाढला आणि मुकुंद घरातून निघून गेला. पत्र नाही, निरोप नाही. त्याच्या बायकोला, जयाला, केंद्राने खिडकीवर नोकरी दिली.

काही महिन्यांनी, कोण कधी यंत्रात शिरलं याच्या नोंदींच्या कागदावर मुकुंदचं नाव दिसू लागलं. दर गुरुवारी, चारच्या सुमारास. शुक्रवारी सकाळी कागद छापून आला की गोपाळराव बोटाने ती ओळ शोधत. संध्याकाळी कागद घरी नेऊन सुनेला दाखवत आणि दुसऱ्या दिवशी फाइलला लावत. यंत्रात जागा कमी, म्हणून छापून झालं की आतल्या नोंदी पुसल्या जात. मागे उरे तो हा कागद.

"तो काही नेत नाही बाई," गोपाळराव म्हणाले. "येते अन् जाते."

"पण तीच वाट दुसऱ्या कुणाला सापडली तर? पोरांचे गुण बदलतील."

"हो, ते बरोबर आहे." ते थोडा वेळ टाइपरायटर पुसत राहिले. "बंद करा. फक्त हा गुरुवार जाऊ द्या."

उत्तराला वाट सापडायला दोन दिवस लागले. मुकुंदचा प्रोग्राम क्रमांक मागे, पण टाइप झाला तो क्रमांकच आहे का, हे पाहत नसे. क्रमांकापुढे एखादा हुकूम लिहिला, तर यंत्र तो मुकुंदचाच हुकूम समजून पाळे. अंकांखेरीज काहीही आलं तर परत पाठवायचं, एवढीच दुरुस्ती. चार ओळी. त्या तिने लिहून ठेवल्या, पण यंत्रात घातल्या नाहीत.

गुरुवारी चारला ती खाली जाऊन खिडकीमागे उभी राहिली. जयाने एका मुलीला चिठ्ठी दिली, इकडेतिकडे पाहिलं, आणि क्रमांक टाइप केला. मग त्यापुढे एक लांब ओळ.

"जया, हे काय करून राहिली वं तू?"

जयाचे हात तसेच राहिले.

"यांनीच शिकवलं होतं, गमतीत," ती हळूच म्हणाली. "हे गेले, अन् बाबा जेवतच नव्हते ताई. एका गुरुवारी मी यांच्या नावानं आत गेली. शुक्रवारी बाबा कागद घेऊन घरी आले अन् दोन पोळ्या जेवले. मग कशी थांबू?"

उत्तराने खुर्ची ओढली. "साहेबांना तुझं नाव नाही सांगत. पण आता वाट बंद करते मी."

"नका करू, ताई."

"काहून? चोर तर तूच निघाली."

"सगळ्या वेळी मी नव्हती." जयाने तिचा हात धरला. "श्रावणात मले टायफॉइड झाला होता, आठवते? दोन गुरुवार मी अंथरुणातच होती. तरी नाव आलं. बाबा उशाशी कागद घेऊन बसले. म्हणे, पाह्य वं, आला होता आपला मुकुंद. दोन्ही वेळा! ही वाट मले अन् यांनाच माहीत आहे. मग ते कोणी केलं?"

उत्तराने पडद्यावरची ती लांब ओळ पुन्हा वाचली.

"तेव्हापासून मी बाबासाठी नाही करत," जया म्हणाली. "यांना आतल्या नोंदीत हे नाव दिसलं तर कळंल, की आम्ही वाट पाहून राहिलो."

प्रत्येक नोंदीपुढे टर्मिनलचा, म्हणजे ज्या पडद्यावरून आत शिरलं त्याचा, क्रमांक असे. केंद्राची दोन टर्मिनलं बाहेरगावी, टेलिफोनच्या तारेवर होती. एक अकोल्याला, एक अमरावतीला. उत्तराच्या हे एकदम ध्यानात आलं आणि ती उठली.

"चल वर. कुठून आला होता ते तरी पाहू."

खिडकी तशीच टाकून दोघी जिना चढल्या. चपला काढताना जयाची एक चप्पल उलटी पडली. ती सरळ करायलाही ती थांबली नाही. गोपाळराव चहाला गेले होते. त्यांच्या कपाटातली फाइल उत्तराने टाइपरायटरशेजारी ठेवली आणि श्रावणातले दोन्ही कागद काढले.

"कुठून आले होते, ताई? अकोला का अमरावती?"

उत्तराचं बोट ओळीवर थांबलं होतं. कागदभर यंत्राने छापलेली इंग्रजी अक्षरं होती, ओळीमागून ओळ, सगळी एका रांगेत. दोन्ही कागदांवर, फक्त मुकुंदच्या नावातला के कणभर वर होता.