आप्पांची यादी

चहा तिसऱ्यांदा गरम झाला आणि महेश्वरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सासरे महांतप्पा देवघराचं दार लोटून आत बसले होते. पाऊण तास झाला होता. गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, हा त्यांचा लहानपणापासूनचा नेम. नेमाला तिची ना नव्हती. तिच्याही गळ्यात लिंग होतं, तिची पूजा पाच मिनिटांत उरकायची. पण इथं पूजा नाही तर न्याहारी नाही, न्याहारी नाही तर शुगरची गोळी नाही. मागं एकदा उपाशीपोटी गोळी घेऊन म्हातारा अंगणात आडवा झाला होता. तेव्हापासून त्यांना खाऊ घातल्याशिवाय तिचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नसे. आणि साडेआठची एसटी काय आप्पांच्या पूजेसाठी थांबणार होती? लोहाऱ्याच्या शाळेत या महिन्यात तिला दोनदा उशीर झाला होता. तिसऱ्यांदा झाला की अर्ध्या दिवसाची रजा, वर हेडसरांचं बोलणं वेगळंच.

नवरा सोलापूरला नोकरीला. फोनवर म्हणतो, तूच सांग की आप्पांना. वा रे वा. बाप ह्याचा, आणि वाईटपणा हिनं घ्यायचा.

पण उशिरापेक्षाही तिचा खरा राग होता तो यादीवर. पूजा झाली की आप्पा डोळे मिटून मोठ्यानं देवाचे उपकार मानत. अकरा वर्षं स्वयंपाकघरातून ऐकून ऐकून तिला ते पाठ झालं होतं. सगळ्यात आधी, अव्वाचा हात दिलास. अव्वा म्हणजे त्यांची आई, तिला जाऊन चाळीस वर्षं झालेली. मग जुन्या गावातल्या आडाचं गोड पाणी दिलंस, कारळाची चटणी दिलीस, भूकंपातनं राखलंस, म्हैस दिलीस, पंखा दिलास, अंघोळीला गरम पाणी दिलंस. गरम पाणी. ते काय आभाळातून पडत होतं? पाचला उठून तुराट्या घालून बंब कोण पेटवत होतं? यादीत म्हैस होती, पंखा होता. सून नव्हती.

तेवढ्यात आतून खणकन आवाज आला.

"आप्पा, आटपा आता," म्हणत तिनं दार ढकललं.

पुढचं बोलणं तयार होतं, ते तोंडातच राहिलं. आप्पा पाटावर बसलेले. समोरच्या तबकात बेलाची पानं, सांडलेलं पाणी आणि त्यात काळंभोर लिंग पडलेलं. लिंग हातातून पडणं म्हणजे त्यांच्या लेखी जीव गेल्यासारखंच. त्यांचा डावा हात लटलट कापत होता आणि उजव्या हातानं त्यांनी त्याचं मनगट आवळून धरलं होतं. म्हणजे पाऊण तास देवाशी बोलणं चाललं नव्हतं, हाताशी झोंबी चालली होती.

"हात ऐकत न्हाय," ते तिच्याकडं न बघता म्हणाले.

कधीपासून, तिनं विचारलं. शिवरात्रीपासून, ते म्हणाले. आणि आता आषाढ लागला होता.

"मग सांगायला काय झालतं तुम्हाला? चार महिनं मी तिकडं चहा तापवत बसलीय."

आप्पांनी मान खाली घातली. काय सांगायचं, म्हणाले. सुनेला म्हणायचं का, माझा हात धर म्हणून? मग तबकाकडं बघतच ते सांगू लागले. आठव्या वर्षी दीक्षा झाली तेव्हाही हात असाच हलायचा. लक्ष सगळं बाहेरच्या गोट्यांकडं. अव्वा शेजारी बसून खालून हात धरायची. नजर इकडंतिकडं गेली की चिमटा काढायची. हे सांगताना त्यांना हसू आलं आणि हात जास्तच हलायला लागला.

रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला. हेडसरांच्या नावानं पुटपुटत महेश्वरीनं खांद्यावरची पर्स दाराच्या कडीला अडकवली. कांदा चिरलाय, हात धुऊन येते, म्हणाली.

"बस तशीच. अव्वाच्या हाताला बी कांद्याचाच वास असायचा."

ती बसली. तबकातलं लिंग त्यांनी उचलून तळहातावर घेतलं आणि तिनं त्या तळहाताखाली आपला हात धरला. कापरं तिच्या कोपरापर्यंत आलं. तिनं हात घट्ट केला. हळूहळू ते कमी झालं. आप्पांनी पाणी घातलं, भस्म लावलं, बेलाचं पान वाहिलं. किती दिवसांनी नीट वाहिलं गेलं असेल, कोण जाणे.

मग डोळे मिटून यादी सुरू झाली. अव्वाचा हात दिलास. आडाचं पाणी दिलंस. चटणी, भूकंप. आज तिनं एकेक शब्द कान देऊन ऐकला. म्हैस आली, पंखा आला. तिच्या हाताला मुंग्या आल्या होत्या, बस गेली होती, गरम पाणीही येऊन गेलं. आणि यादी संपली.

नाहीच. एवढी मांडीला मांडी लावून ती बसली तरी नाही. तिला इतका राग आला की हात काढून घ्यावा असं वाटलं.

आप्पांनी डोळे उघडले नव्हते.

"अव्वाचा हात दिलास," ते पुन्हा म्हणाले.

स्वयंपाकघरात चहा पार गार झाला होता. महेश्वरी जागची हलली नाही.