मामांच्या पसंतीचा माळ

“हितं मेंढरू बसायचं न्हाय,” धुळाप्पा म्हणाला आणि काठी टेकत माघारी वळला.

मायाक्कानं कपाळावर हात मारला. घरात मेंढराचं शेपूटसुद्धा उरलं नव्हतं. सांगोल्याकडं दोन सालं पाऊस रुसला, कळप संपला, आणि हा तिचा सासरा नागपंचमीला सोलापुरात लेकाच्या चाळीत येऊन राहिला. पण जागा बघायची म्हटली की अजून मेंढरांच्या वतीनं नाक मुरडायचा.

“मामा, पर मेंढरं हायत कुटं आपल्याकडं?”

“नसूंदेत. जितं मेंढरू बसत न्हाय, तितं धनगर कसा बसंल?”

मायाक्का चरफडत त्याच्यामागं निघाली.

गेल्या महिन्यात म्हाताऱ्यानं जेवता जेवता सांगून टाकलं होतं, “ह्या चाळीत जीव गुदमरतो माजा. मी जातो गावाला. हितनं चालत जाऊन यावं असा एक मोकळा माळ दावलास, तर ऱ्हाईन. चार रविवार देतो. न्हाय तर सोमवारी कुर्डुवाडी, आन तितनं छोट्या गाडीनं सांगोला.”

मायाक्का हादरली. नवरा बिरप्पा मिलमध्ये दुसऱ्या पाळीला, त्याची नि तिची गाठ पडायची ती झोपेतच. पाडव्याला तिची तान्ही लेक गेली होती. तेव्हापासून तिनं खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता, नळाचं पाणीसुद्धा बिरप्पाच भरायचा. सांजेला चार शब्द बोलायला हा एक म्हातारा होता. तोही गेला तर ती आणि चार भिंती. दुसऱ्या दिवशी तिनं पदर खोचला.

चाळ अक्कलकोट रस्त्याला, गाव संपतं तिथं. शेजारची गिरिजाबाई हसली. “मिलच्या चिमणीखाली रान हुडकतीस व्हय गं?”

हुडकलं की पण. पहिल्या रविवारी मिलमागचा ओढा दाखवला. लव्हाळं, खंड्या, पाण्यात सरसरणारा विरोळा साप. म्हातारा म्हणाला, ओलीला खूर कुजतात. दुसऱ्या रविवारी दगडाची जुनी खाण. तिथं मुंगसाचा संसारच होता, पिलं आईमागं पळताना बघून मायाक्का कितीतरी दिवसांनी हसली. म्हातारा म्हणाला, सगळं कुसळाचं गवत, तोंडात रुततं. आणि आजचा हा तिसरा रविवार, रुळापलीकडचं बाभूळबन. मिलचा भोंगा वाजला नि म्हाताऱ्यानं काठी उचलली. भोंग्यानं मेंढरू बुजतं म्हणे!

घरी येईपर्यंत मायाक्काचा राग काही उतरला नाही. उतरला नाही म्हणूनच की काय, तिनं दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

एरवी धुळाप्पाचा नेम ठरलेला. सकाळी फडक्यात भाकरी बांधून घ्यायची, मारुतीच्या पारावर जातो म्हणायचं आणि उन्हं कलल्यावर यायचं. त्याच्या घोंगड्याला जितराबाचा वास यायचा. चाळीतल्या बाया नाकाला पदर लावायच्या. जन्मभर मेंढरांत राहिलेल्या माणसाचा वास असा काय चार दिवसांत जातो? मायाक्काला तर त्या वासानं माहेरात आल्यागत वाटायचं.

शनिवार उजाडला. उद्याचा रविवार शेवटचा. म्हातारा पारावर गेला तशी मायाक्कानं कडी घातली आणि एकटीच निघाली.

ओढा ओलांडला, खाण मागं टाकली. पुढं एक लांबट टेकाड होतं. त्याच्यापलीकडं ती कधी गेली नव्हती. पायात काटा मोडला, तो तिनं बसून काढला आणि चढली.

वर पोचली आणि उभीच राहिली.

खाली नजर पोचेल तिथवर गवत. कोवळं नव्हे, वाळायला लागलेलं, उन्हात पिवळं. मधोमध हिवराची तीन झाडं, त्यांच्या बुडाशी दगडांतून झिरपणारं पाणी. गवतातून एक माळढोक चालला होता, पाटलागत मान ताठ करून, सावकाश. टेकाडाआड भोंगा नव्हता, कुसळ नव्हतं, चिखल नव्हता. मेंढराच्या बापानं नाव ठेवू नये असा माळ! मायाक्काच्या डोळ्यांना पाणीच आलं. आता मामा कुठं जातायत ते बघतेच, असं ती मोठ्यानं म्हणाली.

हिवराखाली एक बाई शेरडं राखत बसली होती. कानडी वळणाचं लुगडं, तोंडात तंबाखू. तिनं हातानं बोलावलं. नाव म्हणाली गुरम्मा.

“बाई, हा माळ कुनाचा हाय?” मायाक्कानं विचारलं. “हितं बसलं तर कुनी हाकलत न्हाय न्हवं?”

“गायरान हाय. कोन हाकलतंय?”

“माज्या सासऱ्याला दावायचाय. उद्या दावला न्हाय, तर परवा ते सांगोल्याला जानार. लई दिस हुडकतीया मी. तीन रविवार उनातानात फिरतीया.”

गुरम्माची नजर मायाक्काच्या धुळीनं भरलेल्या पावलांवरून वर चढली आणि चेहऱ्यावर थांबली.

“तू मायाक्का काय?”

“व्हय. तुमी कसं वळखलं?”

गुरम्मा उठली. कळपातून तिनं दोन करडं ओढून आणली, एक काळं, एक बांडं, आणि त्यांची दावी मायाक्काच्या हातात दिली.

“घे, तुजी हायत. नागपंचमीपास्नं अज्जा रोज माजी शेरडं राखतोय हितं, अर्धलीनं, निम्मी करडं त्याची. त्याच्या वाट्याची ही दोन. आत्ताच चुकार शेरडू वळवायला पलीकडं गेलाय,” गुरम्मा म्हणाली. “मी म्हनलं, घरी घेऊन जा की. तर न्हाय म्हनला. सून एकटी घराभाईर पडून, आपल्या पायानं हितवर येईल, त्या दिशीच तिच्या हातात दे म्हनला.”