हार्वेस्टर चढवताना

इसरूने वेल्डिंगची काच बाजूला ठेवली आणि शेवटचा जोड हातोडीने ठोकून पाहिला.

"आता हत्ती चढवला तरी हालत नाई," तो म्हणाला.

राजुऱ्याबाहेरच्या त्याच्या दुकानासमोर अंकुशचा जुना ट्रक उभा होता. ट्रकच्या लाकडी बाजू कापून टाकल्या होत्या. लोखंडी चॅनलवर जाड पत्रा बसवून मागचा सगळा भाग सपाट केला होता. पाठीमागे बिजागऱ्यांवर दोन रुंद रॅम्प, जमिनीपर्यंत टेकणारे. चढणाऱ्या मशीनची चेन घसरू नये म्हणून रॅम्पवर सळईचे तुकडे आडवे जोडले होते.

हे सगळं बाजूला उभ्या असलेल्या हार्वेस्टरसाठी होतं. धान कापायच्या त्या मशीनला चाकांऐवजी रबरी चेन होती. धानाच्या ओल्या बांधीत ते कुठेही शिरायचं, पण डांबरी रस्त्यावर त्याचा उपयोग नव्हता. गावोगाव ट्रकवरूनच न्यावं लागे.

गेल्या हंगामात भाड्याच्या ट्रकवर चढवताना खाली लावलेली लाकडी फळी मोडली आणि मशीन कलंडलं. चालवत होता अंकुशच्या मोठ्या बहिणीचा नवरा, कोलू. त्याचा डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. तेव्हापासून तो जिवतीकडच्या आपल्या घरी अंगणात खाटेवर बसून असे.

आज तो ट्रक पाहायला आला होता. नुसता पाहायला, असं त्याने बायकोला, सुकरीला, सांगितलं होतं. ती तरीही सोबत आली होती.

कोलू कुबडीवर रेलून वाकला आणि रॅम्पवरच्या सळया हाताने चाचपून पाहू लागला. इसरूने खुर्ची आणली. तो बसला नाही.

"अंकुश, चालवणारा कोन?" त्याने विचारलं.

"तेलंगणातून एक पोट्टा येऊन राह्यला, भाऊजी. उद्या येते. आज मीच चढवून पाहतो."

अंकुश हार्वेस्टरवर चढला. इंजिन धडधडलं. मशीन रॅम्पवर आलं, थोडं वर गेलं, आणि डावी चेन हळूहळू रॅम्पच्या कडेला सरकू लागली.

"थांब!" इसरू ओरडला.

अंकुशने मशीन मागे घेतलं. पुन्हा चढवलं. पुन्हा तिथेच चेन सरकली. या वेळी तो मागेही येईना. दांडा धरून नुसता बसून राहिला. त्याचं लक्ष रॅम्पवर नव्हतं, कोलूच्या मोकळ्या लोंबणाऱ्या पायजम्यावर होतं.

"मांगं घे, हळू," कोलू म्हणाला. मशीन खाली आल्यावर म्हणाला, "उतर."

"काऊन?"

"उतर म्हनलं ना."

सुकरी मध्ये आली. "तुमी पाहाले आले होते."

"पाह्यलं मी."

"एक पाय गेला. आता काय दुसरा द्याचा हाये?"

कोलूने तिच्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "सुकरे, ह्या मशीनले हात लागते. दोनी दांडे हातात असते. पायाले निस्ता बिरेक, अन् तो उजव्या पायाले. बाकी जगात सगळीकडं दोन पाय लागते. इथी नाई लागत."

अंकुशने बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं. तिने मान फिरवली. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

अंकुश आणि इसरूने कोलूला काखेत धरून उचललं आणि सीटवर बसवलं. त्याने दोन्ही दांड्यांवर हात ठेवले. इंजिन चालू होतं, तरी बराच वेळ त्याने काहीच केलं नाही. कपाळावर घाम आला होता. इसरू पुढे होऊन काही विचारणार, तेवढ्यात मशीन हललं.

कोलूने आधी ते मागे नेलं, पार कुंपणापर्यंत. तिथून सरळ रेषेत आणलं. रॅम्पवर आल्यावर दांडा जराही इकडेतिकडे केला नाही. सळया चेनखाली कुरकुरल्या. ट्रक मागून दबला. मशीनचं तोंड वर, आणखी वर गेलं, अर्धं धूड हवेत अधांतरी आलं. गेल्या वेळी फळी मोडली होती ती इथेच. सुकरी पाठ करून उभी होती. तिने दोन्ही मुठी पदरात आवळल्या होत्या.

मग मशीनचं तोंड खाली आलं आणि पत्र्यावर धाडकन टेकलं. चेन सपाटीवर फिरली, पुढे सरकली, केबिनपाशी जाऊन थांबली.

कोलूने इंजिन बंद केलं.

"झालं?" सुकरीने पाठ न वळवता विचारलं.

"झालं, बाई," अंकुश म्हणाला.

वर कोलूने दोन्ही दांडे सोडले. "त्या पोट्ट्याले फोन कर," तो अंकुशला म्हणाला. "नोको येऊ म्हना."

मग त्याला खाली आणायची वेळ आली. इसरू वर चढला. त्याने कोलूला पत्र्याच्या कडेला बसवलं. खालून अंकुशने कमरेला धरलं. मध्येच पकड सुटली, कोलू पोत्यासारखा घसरला आणि कसाबसा एका पायावर उभा राहिला. तो हसला. सुकरी हसली नाही.

ती ट्रकच्या बाजूला गेली. पत्र्याची कड तिच्या छातीपर्यंत येत होती. तिने गुडघ्याएवढ्या उंचीवर लोखंडाला हात लावला, मग जरा वर.

"इसरूभाऊ, इथी एक पायरी लावा," ती म्हणाली. "अन् वर धराले दांडा. रोज कोन उचलन याले?"

इसरूने काच पुन्हा डोळ्यांपुढे धरली.